पेटाबाइटचे कोठार : स्वस्त कुठे, महाग कुठे

दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी संगणक केंद्राच्या इमारतीला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. लिथियमच्या बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना ती भडकली आणि सहाशेहून अधिक सरकारी यंत्रणा एकाच वेळी बंद पडल्या. त्यातल्या बहुतेक यंत्रणा पुढे हळूहळू सुरू झाल्या. ‘जी-ड्राइव्ह’ मात्र कायमची गेली. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपल्या कामाच्या फायली स्वतःच्या संगणकावर न ठेवता या सामाईक कोठारात ठेवाव्यात, अशी ही व्यवस्था होती आणि प्रत्येकाला त्यासाठी ३० गिगाबाइट जागा दिलेली होती. कोठारात एकूण ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. साठा फार मोठा असल्यामुळे बाहेर प्रत ठेवणे शक्य झाले नाही, असा खुलासा नंतर करण्यात आला.

हा खुलासा थोडा तपासून पाहण्यासारखा आहे. २० टेराबाइटच्या हार्ड डिस्क घेतल्या, तर ८५८ टेराबाइटसाठी त्या ४३ लागतात. एवढ्या डिस्क एखाद्या लोखंडी कपाटाच्या दोन खणांत मावतील. म्हणजे अडचण जागेची नव्हती आणि एका सरकारच्या दृष्टीने पैशाचीही म्हणता येणार नाही. मोठा साठा म्हणजे अफाट खर्च, असे गृहीत धरून कोणी हिशेबच मांडला नसावा, असा संशय घ्यायला येथे जागा आहे. आपल्याकडील विद्यापीठे, ग्रंथालये, चित्रपट संग्रहालये आणि संशोधन संस्था आज ज्या वेगाने आपला ठेवा संगणकीय रूपात आणत आहेत, तो वेग पाहता हा हिशेब त्यांनाही लवकरच करावा लागणार आहे.

साठा किती मोठा होतो याची कल्पना चित्रपटावरून चांगली येते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील जुन्या नायट्रेट फिल्म्स ८ जानेवारी २००३ रोजीच्या आगीत जळाल्या, हे अनेकांना आठवत असेल. तेव्हापासून फिल्मचे संगणकीय रूपांतर हा विषय आपल्याकडे अधिक गांभीर्याने घेतला जाऊ लागला. आता ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट ४०९६ बाय ३११२ बिंदूंमध्ये टिपली आणि प्रत्येक बिंदूच्या रंगांसाठी ४ बाइट दिले, तर एका चौकटीला सुमारे ५१ मेगाबाइट लागतात. सेकंदाला २४ चौकटी आणि चित्रपट अडीच तासांचा, म्हणजे २ लाख १६ हजार चौकटी. एका चित्रपटाची मूळ प्रत अशा रीतीने ११ टेराबाइटची होते. शंभर चित्रपट एक पेटाबाइट ओलांडतात. (एक पेटाबाइट म्हणजे एक हजार टेराबाइट.)

एवढे सारे जपून ठेवण्याची गरज काय, असा प्रश्न खर्च मंजूर करणारे विचारतातच आणि तो अगदीच अवाजवी नाही. त्याला नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण चांगले उत्तर ठरावे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली. त्या वेळी टिपलेली कच्ची निरीक्षणे संग्रहात राहिली. हुइब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांवर नव्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया केली आणि सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची सूची २०१७ साली प्रसिद्ध झाली. दुर्बिणीला यासाठी पुन्हा एक तासही निरीक्षण करावे लागले नाही. कच्ची विदा ‘काम झाले’ म्हणून पुसली गेली असती, तर ही सूची झालीच नसती.

तेव्हा एक पेटाबाइट माहिती पंधरा-वीस वर्षे ठेवायची आहे आणि संस्थेकडे पैसा बेताचा आहे, असे धरून चालू.

एका यंत्राकडून अनेक यंत्रांकडे

पूर्वी याचे उत्तर सोपे होते. एखाद्या नामांकित कंपनीचे भले मोठे साठवण यंत्र विकत घ्यायचे आणि दरवर्षी देखभालीचे पैसे भरायचे. अशा यंत्रात अनेक डिस्क एकत्र बांधलेल्या असत आणि एखादी निकामी झाली तरी माहिती जात नसे. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कलेच्या संशोधकांनी १९८८ साली मांडलेली ‘रेड’ ही पद्धत त्यामागे होती. डिस्क जोवर लहान होत्या तोवर ती उत्तम चालली. पण २० टेराबाइटची डिस्क निकामी झाली की तिच्या जागी बसविलेली नवी डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने अखंड भरत राहिली, तरी २८ तास लागतात. प्रत्यक्षात इतर कामेही चालू असल्याने आणखी लागतात. एवढा वेळ उरलेल्या डिस्कवर ताण पडतो आणि त्या बहुधा एकाच वेळी घेतलेल्या, एकाच वयाच्या असतात. बुडत्याचा पाय खोलात जाण्याची वेळ नेमकी हीच.

शिवाय यंत्र कितीही महाग असले तरी ते एकच. त्याचा नियंत्रक बिघडला किंवा त्यावर पाणी पडले की सारेच गेले. गुगलच्या अभियंत्यांनी २००३ साली आपल्या फाइल व्यवस्थेवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील विचार याच्या उलटा होता. यंत्रे स्वस्त घ्यावीत, ती बिघडणारच हे आधीच मान्य करावे आणि माहितीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या यंत्रांवर ठेवाव्यात. यंत्र बंद पडले तर सॉफ्टवेअरने आपणहून उरलेल्या प्रतीवरून नवी प्रत करावी. हीच वितरित साठवण. २००६ साली याच धर्तीवर ‘हडूप’ ही मुक्त प्रणाली आली. तिचे नाव डग कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यातील हत्तीवरून पडले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील सेज वाइल यांनी ‘सेफ’ या प्रणालीवरील निबंध सादर केला.

या पद्धतीत एक मोठा फायदा असा, की डिस्क गेली तर तिच्यावरील तुकड्यांच्या इतर प्रती शंभर ठिकाणी विखुरलेल्या असतात. दुरुस्ती एका नव्या डिस्कवर अवलंबून राहत नाही. सर्व डिस्क आपापला वाटा उचलतात आणि दिवसभराचे काम काही तासांत उरकते.

पण तीन प्रती म्हणजे तिप्पट डिस्क. एक पेटाबाइट ठेवायला तीन पेटाबाइट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशातलाच हा प्रकार.

सात, पाच, बारा आणि सतरा

हा मसाला कमी करण्याची युक्ती गणिताने फार पूर्वीच शोधून ठेवलेली आहे. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली एक संकेतपद्धती मांडली. ऐंशीच्या दशकात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ओरखडा पडला तरी गाणे वाजत राहत असे, ते याच पद्धतीमुळे. तिचे पूर्ण गणित अवघड असले तरी गाभा शाळेच्या बीजगणिताचा आहे.

समजा, आपल्याला ७ आणि ५ हे दोन आकडे जपायचे आहेत आणि चार यंत्रे आहेत. सरळ मार्ग म्हणजे दोन यंत्रांवर ७ आणि दोन यंत्रांवर ५ ठेवावेत. पण ज्या दोन यंत्रांवर ७ आहे तीच दोन्ही बंद पडली, तर ७ गेला. आता दुसरा मार्ग पाहा. पहिल्या यंत्रावर ७, दुसऱ्यावर ५, तिसऱ्यावर त्यांची बेरीज १२ आणि चौथ्यावर पहिल्यात दुसऱ्याची दुप्पट मिळवून येणारे १७. आता कोणतीही दोन यंत्रे गेली तरी बिघडत नाही. अगदी ७ आणि ५ असलेली दोन्ही गेली, तरी १७ मधून १२ वजा केले की ५ मिळतात आणि १२ मधून ५ वजा केले की ७. जागा तेवढीच लागली, यंत्रे तेवढीच आहेत, पण सुरक्षितता वाढली.

हीच कल्पना पुढे नेली की माहितीचे चार तुकडे करून त्यांना दोन जादा तुकडे जोडता येतात. सहांपैकी कोणतेही दोन गेले तरी चालते आणि जागा दीडपटच लागते. यालाच व्यवहारात ‘चार अधिक दोन’ म्हणतात. आठ अधिक तीन घेतले तर तीन तुकडे गेलेले चालतात आणि जागा १.३८ पट लागते. अमेरिकेतील ‘बॅकब्लेझ’ ही कंपनी २०१५ पासून सतरा अधिक तीन ही मांडणी वीस यंत्रांवर वापरू लागली. तीत जागा जेमतेम १.१८ पट लागते आणि तीन यंत्रे एकदम बंद पडली तरी माहिती शाबूत राहते. हडूपनेही २०१७ अखेरच्या तिसऱ्या आवृत्तीत या पद्धतीचा स्वीकार केला.

मग सर्वांनी सरसकट सतरा अधिक तीनच का घेऊ नये? येथे दोन अडचणी आहेत. पहिली दुरुस्तीची. एक हरवलेला तुकडा पुन्हा काढायचा तर तीन प्रतींच्या पद्धतीत एकच प्रत वाचावी लागते. येथे सतरा तुकडे वाचावे लागतात. फेसबुकच्या एका मोठ्या समूहात दहा अधिक चार ही मांडणी होती. के. व्ही. रश्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिले, की केवळ अशा दुरुस्तीसाठी तेथे रोज १८० टेराबाइटहून अधिक माहिती एका कपाटातून दुसऱ्या कपाटाकडे धावत होती. हा भार कमी करणारे संकेत शोधण्यात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. विजय कुमार यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. त्यांचा ‘क्ले’ संकेत २०१८ साली प्रसिद्ध झाला आणि नंतर सेफ प्रणालीतही त्याचा अंतर्भाव झाला.

दुसरी अडचण छोट्या संस्थांना अधिक नडते आणि विक्रेते तिचा उल्लेख सहसा करीत नाहीत. प्रत्येक तुकडा वेगळ्या यंत्रावर असला पाहिजे, तरच या गणिताला अर्थ. सतरा अधिक तीनसाठी निदान वीस यंत्रे हवीत आणि एक गेल्यावर दुरुस्तीसाठी एकविसावे. ज्या संस्थेची ऐपत सात-आठ यंत्रांची आहे तिने चार अधिक दोनवर समाधान मानावे. तीनच यंत्रे घेऊन त्यांत सारे कोंबणे आणि वर आकर्षक टक्केवारी दाखविणे, हा प्रकार निविदांमध्ये दिसतो. तो नाकारलेला बरा.

कागदावरचा हिशेब

आता आपल्या एक पेटाबाइटचे काय ते पाहू. चार अधिक दोनने ते दीड पेटाबाइट होते. २० टेराबाइटच्या डिस्क धरल्या तर ७५ पुरेत, असे वाटते आणि येथेच पहिली फसगत होते. वितरित प्रणाली काठोकाठ भरता येत नाही. सेफचेच पाहा. डिस्क ८५ टक्के भरली की ती इशारा देते, ९० टक्क्यांवर दुरुस्तीसाठीही तीत नवे तुकडे घेत नाही आणि ९५ टक्क्यांवर लिहिणेच थांबविते. सात यंत्रांत मिळून ९४ डिस्क घेतल्या तर साठा ८० टक्के भरलेला दिसेल; वरवर पाहता ठीक. पण एक यंत्र बंद पडले की त्यावरचे सारे उरलेल्या सहांत बसवावे लागते आणि भरणा ९३ टक्क्यांवर जातो. दुरुस्ती मध्येच अडकते. म्हणजे ज्या प्रसंगासाठी हा सारा खटाटोप केला, तोच निभावत नाही.

आठ यंत्रे आणि प्रत्येकात १४ डिस्क, अशा ११२ डिस्क घेतल्या, तर भरणा ६७ टक्के राहतो आणि एक यंत्र गेल्यावरही ७७ टक्क्यांच्या आतच थांबतो. हा खरा आकडा. तीन प्रतींच्या पद्धतीत एवढीच मोकळीक ठेवायची तर २२४ डिस्क लागल्या असत्या. तेव्हा दरपत्रकात ‘एका टेराबाइटला किती रुपये’ एवढेच न पाहता, सुरक्षितता आणि मोकळीक वजा करून उरलेल्या वापरण्याजोग्या टेराबाइटला किती रुपये पडतात, हे विचारावे. दोन आकड्यांत दुपटीचा फरक सहज निघतो.

विजेचा खर्चही धरला पाहिजे. डिस्कला ८ वॅट धरले तर ११२ डिस्कना सुमारे ९०० वॅट. आठ यंत्रांना प्रत्येकी १५० धरून १२०० वॅट. त्यावर वातानुकूलनासाठी निम्मे मिळविले की ३१०० वॅटच्या आसपास जाते. अखंड चालणाऱ्या या भाराला वर्षाला सुमारे २७ हजार युनिट लागतात. दर दहा रुपये धरला तर पावणेतीन लाख रुपये, आणि पाच वर्षांचे साडेतेरा लाख. अनुदान खरेदीसाठी मिळते, वीजबिलासाठी मिळत नाही, हे आपल्या संस्थांतील प्रत्येक कुलसचिव जाणतो.

डिस्क किती बिघडतात, याविषयी बॅकब्लेझने एक उत्तम काम केले आहे. आपल्या केंद्रांतील लाखो डिस्कची नोंद ती २०१३ पासून ठेवते आणि ती सर्वांसाठी खुली करते. त्यावरून वर्षाला साधारण एक ते दोन टक्के डिस्क निकामी होतात, असे दिसते. आपल्या ११२ पैकी वर्षाला दोन. म्हणजे महागड्या ‘खास’ डिस्कसाठी दुप्पट पैसे मोजण्याऐवजी साध्या पण मोठ्या डिस्क घेऊन चार जादा कपाटात ठेवाव्यात. मात्र एक खबरदारी घ्यावी. काही डिस्कमध्ये क्षमता वाढविण्यासाठी माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकांवर चढवून लिहिलेल्या असतात. वाचायला त्या ठीक, पण दुरुस्तीच्या वेळी सतत लिहावे लागते तेव्हा त्या रडकुंडीला आणतात. २०२० साली असे उघड झाले, की अशा काही डिस्क ग्राहकांना न सांगताच विकल्या जात होत्या. खरेदीच्या अटींतच हा प्रकार नको असे लिहून घ्यावे.

याच बॅकब्लेझने २००९ साली ४५ डिस्क मावणाऱ्या आपल्या लाल पेटीचा आराखडा जगाला फुकट दिला, तेव्हा बरीच खळबळ उडाली होती. ६७ टेराबाइटची पेटी ७,८६७ डॉलरमध्ये तयार झाली होती. २०११ च्या थायलंडमधील पुराने डिस्कचे भाव कडाडले, तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांनी किरकोळ दुकानांतून घरगुती वापराच्या डिस्क उचलून, कवच फोडून त्या पेट्यांत बसविल्या. हे सारे वाचायला मौजेचे आहे आणि आपल्याकडील हौशी तंत्रज्ञांना त्याची भुरळही पडते. पण २०२२ साली त्याच कंपनीने सांगितले, की आता आपण तयार सर्व्हर विकत घेतो. पेटी घरी बनविणे तिलाही परवडेनासे झाले. वर्षाला आठ यंत्रे घेणाऱ्या संस्थेने त्या वाटेला जाऊ नये, हे उत्तम.

अमेरिकेतील ‘इंटरनेट आर्काइव्ह’चा मार्ग आणखी वेगळा आहे. ब्रूस्टर काल यांनी १९९६ साली सुरू केलेल्या या संस्थेने अवघड संकेत टाळून साधा उपाय धरला. प्रत्येक वस्तू दोन वेगळ्या यंत्रांवर, पूर्ण आणि सरळ फाइलच्या रूपात ठेवायची. सॅन फ्रान्सिस्कोतील एका जुन्या चर्चमध्ये तिचे बिऱ्हाड आहे. यंत्रांना वातानुकूलन नाही आणि त्यांच्या उष्णतेने इमारत गरम ठेवली जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या थंड हवेत हे जमते, नागपूरच्या मे महिन्यात जमणार नाही. पण त्यातील साधेपणाचा भाग जरूर घेण्यासारखा आहे. सॉफ्टवेअर बंद पडले तरी डिस्क काढून कोणत्याही संगणकाला जोडली की फाइल वाचता येते. चार अधिक दोनच्या तुकड्यांचे तसे नाही. ते जोडणारे सॉफ्टवेअर आणि ते जाणणारा माणूस, दोन्ही लागतात.

सॉफ्टवेअर फुकट, माणूस नव्हे

हा माणसाचा मुद्दा निर्णायक आहे, असे माझे मत. सेफ मुक्त आहे, युरोपातील सर्नसारख्या संस्थेत ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते आणि एक पेटाबाइट तिला किरकोळ आहे. पण तिची घडी बसवायला आणि मुख्य म्हणजे अपरात्री बिघडल्यावर सावरायला जाणकार लागतो. असा माणूस पुण्यात मिळतो. व्हेरिटास कंपनीच्या पुण्यातील केंद्रामुळे या शहरात साठवण क्षेत्राची एक परंपराच निर्माण झाली आणि त्यातून ‘ड्रुवा’सारख्या कंपन्या २००८ पासून पुढे आल्या. पण त्याच कारणाने त्याचा पगारही संस्थेच्या वेतनश्रेणीत बसत नाही. निदान दोन माणसे या कामात तयार करता येणार नसतील, तर सेफच्या वाटेला न जाता दोन साधी मोठी यंत्रे दोन गावांत ठेवणे शहाणपणाचे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कायमचे सॉफ्टवेअर, असेही नाही. आनंद बाबू पेरियासामी यांनी सुरू केलेली ‘ग्लस्टर’ ही प्रणाली एके काळी आपल्याकडे लोकप्रिय होती. रेड हॅटने २०११ साली ती कंपनी विकत घेतली आणि २०२४ अखेर त्या उत्पादनाचा आधार संपविला. पेरियासामींच्याच पुढच्या ‘मिनआयओ’ या प्रणालीने २०२१ साली परवान्याच्या अटी कडक केल्या आणि २०२५ मध्ये फुकट आवृत्तीतील व्यवस्थापनाच्या सोयी काढून घेतल्या. संग्रहाचे आयुष्य वीस वर्षांचे आणि सॉफ्टवेअरचे आठ-दहा, हे धरूनच चालावे लागते. निवड करताना ‘आत कसे जायचे’ याइतकेच ‘बाहेर कसे पडायचे’ हे पाहावे.

लहान फायलींविषयी एक सूचना. मोडी कागदपत्रांच्या लाखो लहान प्रतिमा ठेवणाऱ्या संस्थांना चार अधिक दोनचा फायदा दिसत नाही, अशी तक्रार असते. सेफच्या २०२१ पूर्वीच्या आवृत्त्यांत प्रत्येक तुकड्याला डिस्कवर निदान ६४ किलोबाइट जागा जात असे. २० किलोबाइटच्या चित्राचे सहा तुकडे ३८४ किलोबाइट अडवीत. पुढे ही मर्यादा ४ किलोबाइटवर आली, तरी हजारभर प्रतिमांचा एक गठ्ठा बांधून ठेवणे केव्हाही बरे. दफ्तरखान्यात रुमाल बांधतात ते उगाच नव्हे.

भाड्याचे कोठार

हे सारे टाळून ‘क्लाउड’वर का ठेवू नये, हा प्रश्न आता प्रत्येक बैठकीत निघतो. अमेझॉनने २०१९ साली दीर्घकालीन संग्रहासाठी जी सर्वांत स्वस्त सेवा आणली, तिचा अमेरिकेतील दर महिन्याला एका टेराबाइटमागे सुमारे एक डॉलर होता. एक पेटाबाइटला वर्षाचे बारा हजार डॉलर. आपल्या वीजबिलाशी तुलना करता हे जास्त वाटेल, पण डिस्क, यंत्रे आणि पगार धरले तर स्वस्तच आहे.

अडचण परत काढताना येते. माहिती हाती यायला बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात, हे संग्रहाला चालते. पण ती इंटरनेटवरून बाहेर नेण्याचे शुल्क वेगळे आहे. अमेरिकेतील जाहीर दरांनी एक पेटाबाइट बाहेर काढायचे झाल्यास ते ५० हजार डॉलरच्या पुढे जाते. चार वर्षांच्या भाड्याहून अधिक! आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. २०२४ साली मोठ्या कंपन्यांनी सेवा कायमची सोडून जाणाऱ्या ग्राहकांना हे शुल्क माफ केले, पण नेहमीच्या वापराला ते लागूच राहिले. ‘नासा’सारखी संस्थाही यात सापडली. पृथ्वीनिरीक्षणाचा साठा २०२५ पर्यंत २४७ पेटाबाइटवर जाईल असे धरून तो अमेझॉनकडे नेण्याचे ठरले. पण बाहेर काढण्याच्या शुल्काचा पुरेसा विचार झालेला नाही, असे तिच्याच महानिरीक्षकांनी मार्च २०२० मध्ये बजावले.

शिवाय कंपन्या देतात ती टिकाऊपणाची हमी डिस्क बिघडण्याविरुद्ध असते. खातेच पुसले गेले तर ती काय कामाची? मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीचे गुगलकडील खाते एका चुकीच्या मांडणीमुळे पुसले गेले. दोन ठिकाणच्या प्रती एकदमच गेल्या. सहा लाखांवर सभासद असलेला हा निधी सावरला, त्यात अन्य सेवादात्याकडे ठेवलेल्या प्रतीही कामी आल्या.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वितरित साठवण यंत्राच्या बिघाडापासून वाचविते, माणसाच्या चुकीपासून नाही. पुसण्याची आज्ञा सहाही तुकड्यांवर तितक्याच तत्परतेने बजावली जाते. क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरील ७७ टेराबाइट संशोधन डिसेंबर २०२१ मध्ये असेच गेले. प्रती घेणाऱ्या प्रोग्रामची सुधारित आवृत्ती बसविताना झालेल्या चुकीने मूळ फायलीच पुसल्या गेल्या. आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधील एका दोषाने जीमेलच्या काही ग्राहकांच्या पत्रांच्या अनेक केंद्रांतील प्रती पुसल्या, तेव्हा गुगलने ती पत्रे परत आणली ती चुंबकीय फितींवरून.

फितीची आठवण

होय, फीत. कालबाह्य म्हणून हसण्यावारी नेली जाणारी ही वस्तू संग्रहाच्या कामात आजही पहिल्या पंक्तीत आहे. सर्नमधील प्रयोगांची विदा फितींवरच जतन होते. त्या विदेचा काही भाग हाताळणारी दोन केंद्रे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे सायक्लोट्रॉन केंद्र येथे आहेत. २०२१ साली आलेल्या नवव्या पिढीच्या एलटीओ फितीवर १८ टेराबाइट मावतात. आपले पेटाबाइट ५६ फितींत बसते, दोन प्रती म्हणजे ११२ फिती. कपाटात ठेवल्यावर वीज शून्य. शिवाय कपाटातील फीत दुरून कोणी पुसू शकत नाही, हा खंडणीखोर व्हायरसच्या काळात मोठाच गुण.

दोषही आहेत. फिती स्वस्त असल्या तरी त्या वाचणारे यंत्र महाग असते आणि ते दोन हवेत. पिढ्या बदलतात. २०२५ साली आलेले दहाव्या पिढीचे यंत्र ३० टेराबाइटची फीत वापरते, पण नवव्या पिढीची फीत वाचत नाही. आणि आपल्या कोकणपट्टीतील पावसाळा फितीला मानवत नाही. हवेतील आर्द्रता आवरणारी खोली लागते. ती तळमजल्यावर किंवा तळघरात नसावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मुंबईच्या संस्थांना सांगायला नको.

मध्यम ऐपतीच्या संस्थेने माझ्या मते असे करावे. रोज लागणारी प्रत चार अधिक दोनच्या आठ यंत्रांवर, किंवा माणसे नसतील तर एका साध्या मोठ्या यंत्रावर. दुसरी फितीवर, दुसऱ्या गावात. जे अगदीच अमोल आहे, समजा शंभरांतले दहा चित्रपट, त्याची तिसरी प्रत भाड्याच्या कोठारात. १०० टेराबाइटला वर्षाचे बाराशे डॉलर कोणालाही झेपावेत. स्टॅनफर्डच्या ग्रंथपालांनी नव्वदच्या दशकाअखेर ‘लॉक्स’ हा उपक्रम सुरू केला, तो ग्रंथालयांनी परस्परांच्या प्रती सांभाळाव्यात म्हणून. आपल्याकडील दोन विद्यापीठांनी एकमेकांच्या फिती आपल्या कपाटात ठेवायच्या ठरविल्या, तर त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही. करारपत्र मात्र करावे लागेल.

ठेवलेले अधूनमधून वाचून पाहण्याचे कामही अंदाजपत्रकात धरावे. डिस्कवरचे एखादे अक्षर कोणाच्या नकळत बदलते आणि दहा वर्षांनी फाइल उघडेपर्यंत ते कळत नाही. प्रत्येक फाइलची बेरजेसारखी एक खूण वेगळी नोंदवून ठेवली, तर पडताळता येते. सेफ हे काम मूळ मांडणीनुसार आठवड्यातून एकदा आपणहून करते. फितींच्या बाबतीत ते माणसालाच करावे लागते. वर्षाकाठी काही फिती काढून त्या प्रत्यक्ष उतरवून पाहाव्यात, शक्यतो दुसऱ्या यंत्रावर.

सगळेच परत आणायचे झाले तर किती वेळ लागेल, हेही आधीच काढून ठेवावे. सेकंदाला एक गिगाबिटच्या जोडणीवरून एक पेटाबाइट आणायला, जोडणी क्षणभरही खंडित न होता, ९३ दिवस लागतात. त्याच फिती टेम्पोत घालून पुण्याहून मुंबईला न्यायला चार तास.